वसईचा तह आणि परक्या भूमीवरील शांतिसेना

युद्ध थांबविण्याच्या वाटाघाटी आणि युद्धाने उद्ध्वस्त झालेला देश पुन्हा उभा करण्याच्या वाटाघाटी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे जगातील मुत्सद्द्यांना ठाऊक नाही असे नाही. तथापि दोन्ही वाटाघाटी बहुधा एकाच मेजाभोवती, त्याच चार माणसांकडून आणि तितक्याच घाईने उरकल्या जातात. १७ नोव्हेंबर २०२५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने गाझाविषयीचा २८०३ क्रमांकाचा ठराव तेरा विरुद्ध शून्य मतांनी संमत केला. रशिया आणि चीन तटस्थ राहिले. या ठरावाने गाझात एक आंतरराष्ट्रीय स्थैर्यदल पाठविण्यास अनुमती दिली आणि कारभार व पुनर्रचना यांवर देखरेख करण्यासाठी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या नेतृत्वाखालील एका शांतता मंडळाला मान्यता दिली. मुदत ३१ डिसेंबर २०२७ पर्यंतची. हे दल सुरक्षा परिषदेच्या अनुमतीने जाणारे असले, तरी संयुक्त राष्ट्रांच्या हुकमतीखालचे नव्हे, ही बाब बारीक अक्षरांतली असली तरी बारीक नाही. पॅलेस्टिनी प्राधिकरणाने ठरावाचे स्वागत केले, हमासने तो धुडकावला. आणि ज्यांच्या घरांच्या विटा उचलावयाच्या त्या लोकांच्या वाट्याला, मंडळाच्या देखरेखीखाली दैनंदिन कारभार पाहणारी तज्ज्ञांची एक समिती एवढीच जागा कल्पिलेली होती.

फुलपाड्यातून निघणाऱ्या वर्तमानपत्राने गाझाची उठाठेव कशाला करावी, असा प्रश्न आमचे काही वाचक विचारतील. नळाचे पाणी आणि सकाळची लोकल हे विषय संपले काय, असेही म्हणतील. ते विषय संपलेले नाहीत, आणि आम्ही त्यांना सोडलेलेही नाही. परंतु उद्ध्वस्त देशात परके सैन्य ‘शांततेसाठी’ नेऊन बसविण्याच्या बाबतीत इतिहासाने जे काही ठळक धडे घालून दिले आहेत, त्यांतील एक आपल्याच तालुक्यात लिहिला गेला. विरारहून गाडीत बसावे, नालासोपारा ओलांडून वसई रोडला उतरावे आणि पश्चिमेला खाडीच्या बाजूने किल्ल्याकडे जावे. ज्या तहाला या गावाचे नाव चिकटले आहे, तो ३१ डिसेंबर १८०२ रोजी येथेच झाला.

आम्ही शाळेत इतिहास शिकवीत असू तेव्हा मुले या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत लिहून मोकळी होत: बाजीराव पळपुटा होता, त्याने इंग्रजांशी तह केला, मराठी राज्य गेले. परीक्षेपुरते ते उत्तर चालते. पण बाजीरावाने तो तह हौसेने केलेला नव्हता. १८०१ मध्ये त्याने विठोजी होळकराला क्रूरपणे हत्तीच्या पायी दिले, त्याचा सूड घेण्यास यशवंतराव होळकर चालून आला, आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ पेशव्यांच्या व शिंद्यांच्या फौजांचा मोड झाला. बाजीराव कोकणात उतरला आणि तेथून समुद्रमार्गाने वसईला आला. मागे पुण्यात लुटालूट चालली होती, आणि होळकराने अमृतरावाच्या मुलाला मसनदीवर बसविण्याची सिद्धता केली होती. अशा अवस्थेतील राज्यकर्त्यापुढे कोणीही कागद ठेवावा आणि त्याने सही करावी, यात नवल ते काय? नाना फडणीस हयात होते तोवर जी तैनाती फौज पुण्याने कटाक्षाने नाकारली, ती नाना गेल्यानंतर तीन वर्षांच्या आत वसईत स्वीकारली गेली.

तहाची कलमे आज पुन्हा वाचली, तर ती आजच्या ठरावांच्या भाषेपासून फारशी दूर वाटत नाहीत. कंपनीची सहा पलटणींहून कमी नाही एवढी कायमची फौज पेशव्यांच्या मुलखात राहावयाची. उद्देश पेशव्यांचे रक्षण आणि राज्यातील शांतता. तिच्या खर्चासाठी सव्वीस लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावयाचा, म्हणजे शांततेचे वेतन ज्याला शांतता हवी त्याच्याच जमिनीतून वसूल व्हावयाचे. गायकवाडांशी असलेल्या वादात कंपनी मध्यस्थ. आणि दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी बोलणी करावयाची तर आधी कंपनीचा सल्ला घ्यावयाचा. हे शेवटचे कलम आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. ज्याच्या घरात सल्लामसलत व्हावयास हवी होती त्यालाच सल्लामसलतीची बंदी झाली. आणि लुटलेल्या पुण्याच्या पेठा पुन्हा वसविण्यासाठी, उजाड गावांना बी-बियाणे देण्यासाठी या तहात एक कलमही नव्हते.

याहून मोठा दोष असा की, ज्यांच्या तलवारींवर मराठी राज्य उभे होते ते दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले या बोलण्यांत कोठेच नव्हते. यशवंतराव होळकर तर शत्रूच ठरलेला. बोलणारे दोघे: एक पदच्युत पेशवा आणि दुसरा कंपनीचा रेसिडेंट बॅरी क्लोज. १३ मे १८०३ रोजी इंग्रजी संगिनींच्या बंदोबस्तात बाजीराव पुण्यात परतला. त्याच वर्षाच्या २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला अडगाव आणि डिसेंबरात गाविलगड. शांततेसाठी आलेल्या फौजेचे पहिले वर्ष मोठ्या युद्धात गेले, आणि त्या युद्धाच्या पाठोपाठ १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ दख्खनवर कोसळला. माणसे मेली ती पुणे, नगर आणि खानदेशच्या गावांत. तहावर सह्या करणाऱ्यांपैकी उपाशी कोणी राहिले नाही.

येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. याच वसईत त्रेसष्ट वर्षांपूर्वी दुसऱ्या जातीचाही तह झाला होता. मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी प्रचंड मनुष्यहानी सोसून किल्ला घेतला, तेव्हा शरण आलेल्या पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह, कुटुंबकबिल्यासह, सन्मानाने निघून जाऊ दिले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्माचरणाची मोकळीक राहील असे कलम मान्य केले. तो तह लढणाऱ्यांनी लढणाऱ्यांशी केला होता. दोन्ही बाजूंना त्याची किंमत ठाऊक होती, आणि तिसरा कोणी त्यात मालक होऊन बसला नव्हता. वसईच्या परिसरात ख्रिस्ती समाज आजही नांदतो आहे, यापरता त्या कलमाचा दाखला काय द्यावा?

संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी नव्हे, असा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. १९५६ मध्ये सुएझच्या प्रसंगी डाग हॅमरशोल्ड यांनी पहिली सशस्त्र शांतिसेना उभी केली, तेव्हा यजमान देशाची संमती, निःपक्षपात आणि स्वसंरक्षणापुरताच बळाचा वापर हे दंडक घातले गेले. त्या सेनेत भारतीय जवान होते आणि त्यांनी दहा वर्षांहून अधिक काळ गाझातच पहारा दिला. पण संमती तिथेही एकाच बाजूची होती. इस्राएलने आपल्या भूमीवर ती सेना येऊ दिली नाही. आणि मे १९६७ मध्ये नासर यांनी संमती मागे घेताच सेनेला गाशा गुंडाळावा लागला. भारतीय तुकडी अद्याप पुरती बाहेर पडली नव्हती तोच जूनमध्ये युद्ध पेटले, आणि इस्राएली माऱ्यात आपले डझनाहून अधिक जवान ठार झाले. गाझात भारताने सैन्य पाठवावे काय, अशी चर्चा करणाऱ्यांच्या कानांवर ही हकीकत क्वचितच पडलेली असते.

कोरियाचे उदाहरण याहून बोलके आहे आणि महाराष्ट्राला जवळचेही. १९५० मध्ये कोरियात युद्ध भडकले तेव्हा भारताने लढाऊ पलटणी पाठविण्याचे नाकारले आणि डॉक्टर लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या नेतृत्वाखाली साठावी पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स पाठविली. युद्ध अडून राहिले होते ते कैद्यांच्या प्रश्नावर. ज्या कैद्यांना मायदेशी परतावयाचे नाही त्यांचे काय करावे, यावर डिसेंबर १९५२ मध्ये कृष्ण मेननांच्या ठरावाने वाट दाखविली, आणि अखेर २७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधी झाला. स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि भारत यांच्या आयोगाचे अध्यक्षपद जनरल थिमय्यांकडे आले. प्रत्यक्ष कैदी सांभाळण्यास गेलेल्या भारतीय सेनेचे नेतृत्व मात्र आपल्या कोल्हापूरच्या शंकरराव थोरातांकडे होते.

त्या कामगिरीची कल्पना आज करणे कठीण आहे. बावीस हजारांहून अधिक चिनी आणि उत्तर कोरियन कैदी एका बाजूला आणि साडेतीनशेच्या आसपास कोरियन, अमेरिकी व एक ब्रिटिश कैदी दुसऱ्या बाजूला. प्रत्येक तळाच्या आत कैद्यांच्याच टोळ्यांचे राज्य. आणि दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही भारतीयांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू देण्यास तयार नाहीत. म्हणून भारतीय जवानांना जहाजांवरून हेलिकॉप्टरांनी थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरविण्यात आले. पहिल्याच महिन्यात कैद्यांनी एका भारतीय मेजरला तारेच्या आत ओढून ओलीस धरले, तेव्हा थोरात स्वतः त्या जमावात शिरले आणि त्याला सोडवून बाहेर आले. ऑक्टोबरच्या आरंभी दोन वेळा गोळी चालवावी लागली आणि काही कैदी मेले. हेही त्या इतिहासाचा भाग आहे आणि ते लपविण्याचे कारण नाही. जानेवारी १९५४ मध्ये काम आटोपले. कोणत्याही बाजूला परतू न इच्छिणारे ८८ जण भारतीय सैन्याबरोबर भारतात आले.

आता याच वेळी न्यू यॉर्कमध्ये काय चालले होते ते पाहावे. कोरियाचे राजकीय भवितव्य ठरविणाऱ्या परिषदेत भारताला जागा असावी, असा प्रस्ताव ऑगस्ट १९५३ मध्ये राष्ट्रसंघाच्या समितीपुढे आला. अमेरिका आणि ऱ्ही यांचा त्याला कडवा विरोध होता. बाजूने अधिक मते पडली, पण दोन-तृतीयांश पडली नाहीत, आणि भारताने प्रस्ताव पुढे रेटू नये असे सांगितले. कैदी सांभाळण्यास भारताचे हजारो जवान चालत होते, पण बोलावयास भारताचा एक प्रतिनिधी चालत नव्हता! १९५४ च्या जिनिव्हा परिषदेत कोरियाची बोलणी भारताविना झाली आणि जूनमध्ये निष्फळ होऊन मोडली. तो प्रश्न त्यानंतर सत्तर वर्षे लोटली तरी तहाविना, नुसत्या शस्त्रसंधीवर लोंबकळत राहिला. भारत तेथे असता तर तो सुटला असता असा दावा आम्ही करणार नाही. पण ज्यांच्यावर दोन्ही बाजूंचे कैदी सोपविता येतात, त्यांना मेजावर घेण्याची भीती का वाटावी, हे कोडे आम्हांस उलगडलेले नाही.

ही उपेक्षा अपवादात्मक नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे ४४ वे कलम सांगते की, सुरक्षा परिषदेत ज्या राष्ट्राला स्थान नाही त्याच्याकडून सैन्य मागावयाचे, तर त्या सैन्याच्या उपयोगाविषयीच्या निर्णयांत सहभागी होण्यास त्याला पाचारण करावे. कलम उत्तम आहे; वापरात मात्र नाही. २००१ मध्ये परिषदेने १३५३ क्रमांकाच्या ठरावाने सैन्य देणाऱ्या राष्ट्रांशी सल्लामसलतीची रीत घालून दिली, तरी बोलावणे येते ते बहुधा मसुदा पक्का झाल्यावर. भारताने आजवर पन्नासाहून अधिक मोहिमांत दोन लाख नव्वद हजारांवर सैनिक पाठविले आणि सुमारे १८० जण परतले नाहीत. एवढी हानी दुसऱ्या कोणत्याही राष्ट्राची झालेली नाही. काँगोत ५ डिसेंबर १९६१ रोजी पडलेले कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया त्यांतलेच. मराठा लाइट इन्फंट्रीचे लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार १९९२ मध्ये युगोस्लाव्हियातील शांतिसेनेचे पहिले सेनापती झाले, आणि वर्ष भरताच त्यांनी मुदतवाढ नाकारली. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी दिल्लीत सैन्य देणाऱ्या देशांचे सेनाधिकारी जमले, त्याच महिन्यात पैशाच्या तुटवड्यामुळे चालू मोहिमांतील सुमारे चौथा हिस्सा सैन्य परत पाठवावे लागेल, असे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केले. पैसे देणाऱ्यांनी हात आखडला की, सैन्य देणाऱ्यांची बिऱ्हाडे हलतात.

परंतु इतरांच्या दोषांची यादी करून आपण मोकळे होऊ शकत नाही. २९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला आणि भारताची शांतिसेना श्रीलंकेत उतरली. ज्या तमिळ वाघांनी शस्त्रे खाली ठेवावयाची, त्यांची त्या करारावर सही नव्हती. सिंहली जनमतही त्याच्या विरोधात इतके पेटले होते की, मानवंदना देणाऱ्या एका नौसैनिकाने भारताच्या पंतप्रधानांवर बंदुकीचा दस्ता उगारला. ऑक्टोबरात शांतिसेना युद्धात ओढली गेली. मार्च १९९० मध्ये ती परत आली तेव्हा अकराशेहून अधिक भारतीय सैनिक कामी आले होते, आणि ज्यांच्या रक्षणासाठी ती गेली त्या तमिळ गावांतही तिच्याविषयी कटुताच मागे उरली. वसईच्या तहाची चूक इंग्रजांनीच केली असे नाही. ती आपणही केली आहे, आणि ‘शांतिसेना’ हेच नाव देऊन केली आहे.

यावर कोणी म्हणेल, सर्वांची संमती मिळेपर्यंत थांबावयाचे तर तोवर माणसे मरतील. हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. एप्रिल १९९४ मध्ये रुआंडात कत्तल चालू असताना सुरक्षा परिषदेने तेथील दल २७० माणसांवर आणण्याचा निर्णय घेतला. संमती आणि निःपक्षपात यांचे ते सोवळे अक्षम्य होते. कत्तल थांबविण्यासाठी धावून जाणे आणि देशाचा कारभार हातात घेऊन बसणे यांत अंतर आहे, इतकेच आमचे म्हणणे आहे. पहिल्यासाठी कोणाची सही मागू नये. दुसऱ्यासाठी तेथे राहणाऱ्या माणसांच्या सहीवाचून एक दिवसही थांबू नये.

पुनर्रचनेच्या बाबतीत हे अंतर आणखी स्पष्ट होते. संयुक्त राष्ट्रे, जागतिक बँक आणि युरोपीय संघ यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये गाझासाठी ५३ अब्ज डॉलरांचा अंदाज केला. युक्रेनसाठी त्याच महिन्यातला अंदाज दहा वर्षांत ५२४ अब्जांचा. लंडन, बर्लिन, रोम येथे युक्रेनसाठी परिषदा भरल्या, आकडे जाहीर झाले. आकड्यांनी घरे बांधली जात नाहीत. कोरियात युद्ध चालू असतानाच डिसेंबर १९५० मध्ये पुनर्रचनेची स्वतंत्र संस्था स्थापन झाली. तिला मिळालेला पैसा गरजेच्या मानाने थोडा होता. पण मुंग्यॉङला सिमेंटचा आणि इंचॉनला काचेचा कारखाना उभा राहिला, आणि ते चालविले कोरियनांनी. अफगाणिस्तानात २००१ च्या बॉन परिषदेला तालिबान नव्हते. वीस वर्षांनी, १५ ऑगस्ट २०२१ रोजी, काबूल पुन्हा त्यांच्याच हाती गेले. त्या काळात भारताने तेथे फौज पाठविली नाही. झरंज ते देलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता बांधला आणि हेरातजवळ सलमा धरण पुरे केले. परक्या फौजा गेल्या, काबूलचे सरकार बदलले. हरी नदीवरचे धरण मात्र जागेवर राहिले.

तेव्हा भारताकडे गाझासाठी किंवा अन्य कोणत्याही युद्धदग्ध भूमीसाठी सैन्याची मागणी झाली, तर सरकारने काय करावे हे आम्ही स्पष्ट सांगतो. जे दल संयुक्त राष्ट्रांच्या हुकमतीखाली नाही, त्यात भारताचा एकही जवान जाऊ नये, मग निमंत्रण देणारा कितीही बलाढ्य मित्र असो. संयुक्त राष्ट्रांच्या दलात जावयाचे झाल्यास ४४ व्या कलमाप्रमाणे निर्णयाच्या मेजावर जागा आधी आणि पलटण नंतर, हा क्रम सोडू नये. दल पाठविण्यापूर्वी त्याचा हेतू, मुदत आणि परतीची तारीख संसदेपुढे ठेवावी. आपल्या कायद्यात तशी सक्ती नाही, आणि म्हणूनच १९८७ मध्ये देशाला करार झाल्यावर कळले. साताऱ्याच्या आणि कोल्हापूरच्या ज्या घरांतून हे जवान जातात, त्यांना आपला मुलगा कोणाच्या बोलावण्यावरून कोठे निघाला आहे हे अगोदर समजण्याचा अधिकार आहे.

आणि डॉक्टर, औषधे, अभियंते, पाण्याचे नळ घालणारी माणसे यांसाठी मात्र ठरावाची वाट पाहू नये. साठाव्या फील्ड ॲम्ब्युलन्ससारखी एखादी तुकडी गाझाच्या रुग्णालयांसाठी आजच सिद्ध करता येईल. तिला वाट मिळावी म्हणून रामल्ला, कैरो आणि जेरुसलेम या तिन्ही ठिकाणी बोलणी करावी लागतील, आणि ती करण्यास आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी स्वतः निघावे.